तगाई, छावणी आणि पंचनामा

खेड्यातल्या एखाद्या वयोवृद्ध शेतकऱ्याला ‘तगाई म्हणजे काय हो?’ असे विचारलेत, तर तो क्षणाचाही विचार न करता सांगेल, ‘सरकारी कर्ज!’ आणि लगेच पुढे म्हणेल, ‘घेताना गोड आणि फेडताना कडू.’ शब्द मूळचा अरबी. ‘तकावी’ म्हणजे बळ देणे, उभारी देणे. खचलेल्या कुणब्याला पुन्हा उभे करण्यासाठी सरकारने पुढे केलेला हात, असा त्याचा अर्थ. पण अर्थ काहीही असला, तरी व्यवहारात तगाई हे कर्जच होते आणि कर्ज म्हटले की ते फेडणे आले.

आज ज्या प्रश्नाचा इतिहास आपण पाहणार आहोत, तो या शब्दातच दडलेला आहे. दुष्काळ पडला, पूर आला, गारपीट झाली आणि दावणीची जनावरे मेली, तर तो तोटा कोणाचा? एकट्या शेतकऱ्याचा, की सगळ्या समाजाचा? तोटा शेतकऱ्याचा मानला, तर सरकार फार तर कर्ज देईल. तोटा समाजाचा मानला, तर सरकार मदत देईल. आपल्याकडे पहिल्या उत्तरापासून दुसऱ्या उत्तरापर्यंत यायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि दुसरे उत्तरही अजून पुरतेपणी हाती आलेले नाही.

आधी हे ध्यानात घ्या, की आपल्या मुलखात जनावर ही केवळ मालमत्ता नव्हती. देशावरच्या काळ्या, चिकट जमिनीत जड नांगर ओढायला चार चार, सहा सहा, कधी आठ बैल जुंपावे लागत. मोट ओढायची ती बैलांनी, माल बाजाराला न्यायचा तो बैलगाडीने आणि शेताला खत मिळायचे तेही गोठ्यातूनच. माणूस एक वेळ कोंडा खाऊन, दुष्काळी कामावर खडी फोडून वर्ष काढील. पण बैल मेला, की पुढल्या वर्षी पाऊस पडूनही शेत पेरायचे कसे? म्हणजे दुष्काळ एका वर्षाचा असला, तरी गोठा रिकामा झाल्यावर तो तीन-चार वर्षे मुक्काम ठोकून बसे.

ही गोष्ट जुन्या राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. शिवाजी महाराजांचे १६७६ सालचे एक पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळी मामल्याचे सुभेदार रामाजी अनंत यांना ते लिहिलेले आहे. त्यात आज्ञा अशी, की गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, आणि ज्याच्याजवळ माणूसबळ आहे पण बैल नाहीत, दाणे नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्यावेत, पोटाला धान्य द्यावे. आणि वसुली? तीही व्याज न लावता, नुसते मुद्दल, त्याला ताकद येईल तसतसे हळूहळू घ्यावे. पाहा, हेही देणे परत घ्यायचेच होते. परंतु ‘ताकद येईल तसे’ ही त्यातली अट सरकारला बांधणारी होती, शेतकऱ्याला नव्हे. पुढे पेशवाईच्या दप्तरांतही तगाईच्या नोंदी सापडतात. तेव्हा इंग्रजांना ही चाल नवी शोधून काढावी लागली नाही. त्यांनी तिला कायद्याच्या चौकटीत बसवले, आणि बसवताना तिचा स्वभाव पालटला.

१८७६ ते १८७८ या दुष्काळाने मुंबई आणि मद्रास इलाख्यांत हाहाकार उडवला. पुण्याची सार्वजनिक सभा जिल्ह्याजिल्ह्यांतली हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडीत होती. दुष्काळी कामावरच्या मजुराला किती मजुरी द्यावी, एका माणसाला दिवसाला किती धान्य पुरते, यावर त्या वेळी मोठा वाद माजला. पण वाद झाला तो माणसाच्या पोटाचा. बैलाच्या पोटाचा हिशेब त्या कागदांत फारसा कोणी केला नाही. दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, १८८० साली त्याचा अहवाल आला, आणि त्यातून पुढे प्रांतोप्रांतींच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. संकट आले म्हणजे कोणत्या अधिकाऱ्याने काय करावे, हे प्रथमच कलमवार लिहिले गेले. जनावरांसाठी सुचवलेला मुख्य उपाय म्हणजे सरकारी जंगले चराईला मोकळी करावीत.

हा उपाय ऐकायला बरा वाटतो. परंतु १८७८ च्या जंगल कायद्याने याच जंगलांभोवती कुंपण पडले होते. पिढ्यान् पिढ्या जिथे गावची गुरे चरत, ती राने राखीव झाली. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा केला, त्यात जंगलखात्याने गायराने गिळल्याची तक्रार मोठ्या तिखटपणे केलेली आहे. म्हणजे चांगल्या वर्षी चारा बंद करायचा आणि वाईट वर्षी तोच चारा मेहेरबानी म्हणून मोकळा करायचा, असा तो प्रकार झाला.

आता तगाईचा कायदा पाहू. १८८३ साली जमीन सुधारणा कर्जाचा कायदा झाला. विहीर, ताल, बांध यांसाठी तो होता. त्याच्या पाठोपाठ १८८४ साली शेतकरी कर्जाचा कायदा झाला. संकटनिवारणासाठी, बियाण्यासाठी आणि गुरे विकत घेण्यासाठी सरकारने कर्ज द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. गुरांचे नाव कायद्यात आले ही काही लहान गोष्ट नव्हे. पण दोन अटी नीट वाचा. पहिली, हे कर्ज कोणाला? तर लागवडीची जमीन ज्याच्या मालकीची वा कब्जात आहे त्याला. दुसरी, थकले तर वसुली कशी? तर जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखी, म्हणजे वेळ पडली तर जप्तीने.

मग शंभर मेंढरे घेऊन माणदेशातून कोकणात उतरणारा धनगर, गावोगाव दूध घालणारा गवळी, दोन शेरडांवर संसार रेटणारी विधवा, यांचे काय? त्यांच्याजवळ जनावर होते, पण जमीन नव्हती. कायद्याला जनावराचा रस्ता सातबाऱ्यावरूनच ठाऊक होता. ज्याचे सारे धन चार पायांवर चालत होते, त्याला कायद्याच्या दारात उभे राहायलाही जागा नव्हती. ही उणीव मनात ठेवा. पुढे ती वेगळ्या रूपाने पुन्हा भेटणार आहे.

१८९६–९७ चा दुष्काळ सरला न सरला तोच १८९९–१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ म्हणून गुजरातेत त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. गुजरात तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तिथली गुरे म्हणजे इलाख्याची शान. पण पाऊस फिरकला नाही, चारा संपला आणि गावेच्या गावे जनावरांवाचून ओस पडली. सरकारने जंगलातले गवत कापून, त्याच्या गासड्या बांधून आगगाडीने दुष्काळी भागांत पाठवण्याचा उद्योग केला. पण गवत ही अशी वस्तू, की डबा भरतो आणि वजन भरत नाही. वाहतुकीचा खर्च वाढतो आणि गवत पोचेपर्यंत जनावर तग धरील याची खात्री नसते. कांकरेज जातीचे बीज तरी नाहीसे होऊ नये, म्हणून अहमदाबाद जिल्ह्यात छारोडी येथे गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट यांच्या नावाने गुरांचे केंद्र उभे राहिले. जात राखण्याची सोय झाली, पण ज्याच्या दाराशी ती जात उभी असे, त्या शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती तगाईच.

यानंतरच्या मॅक्डॉनेल आयोगाने १९०१ साली एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. मदत वेळेवर जाहीर करा, तगाई लवकर वाटा, सारासूट आधीच सांगा. लोकांचा धीर खचल्यावर दिलेल्या मदतीपेक्षा धीर खचण्यापूर्वी दिलेला शब्द अधिक कामाचा असतो. सव्वाशे वर्षे झाली, पण हे वाक्य प्रत्येक संकटात नव्याने सांगावे लागते.

याच काळातली आणखी एक हकीकत आपल्या विषयाशी अगदी जवळची आहे. १८९६ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांकरवी एक साधे काम आरंभले. दुष्काळ संहितेत काय लिहिले आहे ते लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचे. पीक बुडाले असता सारा तहकूब करण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत आहे, ती मागा, भिऊ नका, असे सभेची माणसे खेड्यांत जाऊन सांगू लागली. यात बेकायदा काय होते? काहीच नाही! सरकारचेच पुस्तक सरकारच्याच प्रजेला वाचून दाखवायचे. पण राज्यकर्त्यांना ते इतके झोंबले, की १८९७ साली सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेतली गेली. यावरून धडा एकच घ्यायचा. नियम कपाटात असेपर्यंत ती मेहेरबानी असते. तो लोकांना कळला, की त्याचा हक्क होतो.

स्वातंत्र्य आले, पण तगाईचे कायदे तसेच राहिले. तगाईने शेतकऱ्याची गरज कितपत भागत होती? याचे चोख उत्तर १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दिले. श्री. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. शेतकरी जे कर्ज काढीत, त्यातल्या दर शंभर रुपयांत सरकारचे रुपये निघाले तीन आणि वर काही आणे. सहकारी सोसायट्यांचेही तेवढेच. आणि सावकारांचे? सुमारे सत्तर! म्हणजे बैल मेला असता शेतकरी तगाईच्या अर्जावर भरवसा ठेवून बसत नव्हता. तो सरळ सावकाराचा उंबरठा गाठीत होता.

१९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून राज्याच्या कायद्यांतून दुष्काळवाचक इंग्रजी शब्दच वगळला आणि त्या जागी ‘टंचाई’ आली. शब्द गेला म्हणून दुष्काळ गेला नाही. १९७२–७३ साली तो पुन्हा दारात उभा राहिला. लाखो माणसांसाठी कामे निघाली, त्या अनुभवातून रोजगार हमी योजना देशाला मिळाली, आणि ही गोष्ट खरोखर अभिमानाची आहे. गुरांसाठी ठिकठिकाणी छावण्या उघडल्या. पण माणसाच्या कामाची जशी हमी झाली, तशी गुराच्या चाऱ्याची झाली नाही. छावणी उघडायची की नाही, कुठे आणि केव्हा, हे त्या त्या वर्षीच्या सरकारी हुकमावर राहिले.

कर्जाकडून मदतीकडे वळण आले ते गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती निवारण निधी सुरू झाला. त्यात केंद्राचे बारा आणे आणि राज्याचे चार आणे. पुढे २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि २०१० पासून राज्य आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी अस्तित्वात आले. त्यांच्या नियमांत पुरात, वादळात, गारपिटीत मेलेल्या जनावरामागे किती रुपये द्यायचे, हे ठरवलेले असते. हे पैसे परत करायचे नसतात. शिवाय जमीन नावावर असलीच पाहिजे, अशीही जुनी अट त्याला नाही. पशुपालकाला पशुपालक म्हणून सरकारने ओळखले ते इथे.

आकडे सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. २०१५ ते २०२० या काळासाठी दुभत्या गाई-म्हशीमागे ३०,००० रुपये, बैलासारख्या ओढकामाच्या जनावरामागे २५,०००, वासरामागे १६,००० आणि शेळी-मेंढीमागे ३,००० असे दर होते. २०२२–२३ ते २०२५–२६ या वर्षांसाठी ते अनुक्रमे ३७,५००, ३२,०००, २०,००० आणि ४,००० झाले. दर वाढले हे खरे. पण बाजारात चांगली दुभती म्हैस घ्यायला निघालात, तर ३७,५०० रुपयांत ती दावणीला येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि आता ती जुनी उणीव पुन्हा भेटते. या नियमांत एका कुटुंबाला मर्यादा होती. मोठी दुभती जनावरे तीन, किंवा शेळ्या-मेंढ्या तीस, यांपलीकडे कितीही मेली तरी मोजायची नाहीत. ज्याच्या दारी दोन बैल आणि एक गाय आहे, त्याला ही मर्यादा आडवी येत नाही. पण मेंढपाळाचा कळप असतो शे-दोनशेचा. २०२१ च्या डिसेंबरात पुणे आणि नगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला. उघड्या रानात बसवलेल्या शेकडो मेंढ्या एका रात्रीत थंडीने काकडून मेल्या. अशा वेळी ज्याची साठ मेंढरे जातात, त्याला तिसाव्या मेंढराशी हिशेब थांबवून कसे चालेल? १८८४ च्या कायद्याने त्याला जमीन नाही म्हणून वगळले. नंतरच्या नियमांनी त्याला आत घेतले, पण निम्म्या कळपासकट बाहेर ठेवले.

छावणीचीही अशीच दोन बाजूंची कथा आहे. २०१२–१३ आणि २०१८–१९ या दुष्काळांत सातारा, सांगली, सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत छावण्यांनी लाखो जनावरे जगवली. माणसे संसार घेऊन महिनोन्महिने दावणीशेजारीच राहिली. ऊस आणि उसाचे वाढे खाऊन का होईना, पण गोठे रिकामे झाले नाहीत. सरकार दर जनावरामागे दर दिवसाचे पैसे देई. २०१९ साली महाराष्ट्रात हा दर मोठ्या जनावराला ९० आणि पुढे १०० रुपयांपर्यंत नेण्यात आला. मात्र हा पैसा शेतकऱ्याच्या हाती येत नसे. तो छावणी चालवणाऱ्या संस्थेला हजेरीपटावरून मिळे. मग पटावर गुरे जास्त आणि दावणीला कमी, अशा तक्रारी झाल्या, चौकश्या झाल्या, कोर्टाची पायरीही चढावी लागली. म्हणून छावणी वाईट ठरत नाही. पण ज्याच्या नावाने पैसा खर्च होतो, त्यालाच त्याचा हिशेब दिसत नसेल, तर वाट फुटायला वेळ लागत नाही.

रोगाची गोष्ट आणखी वेगळी. आपत्तींच्या यादीत पूर होता, दुष्काळ होता, पण गुरांची साथ नव्हती. २०२२ साली लम्पी या त्वचारोगाने गोठेच्या गोठे ग्रासले, तेव्हा महाराष्ट्र सरकारने त्याच धर्तीवर गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये देण्याचे ठरवले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात महापूर येऊन दावणीची जनावरे वाहून गेली, तेव्हा राज्याने जाहीर केलेल्या मदतीत तीन जनावरांची मर्यादा काढून टाकली. दोन्ही वेळा नियम आपोआप वाकला नाही. संकट मोठे होते, ओरड मोठी झाली, म्हणून वाकला. लहान गावात, लहान वादळात, एखाद्याच घरचा गोठा पडला तर इतकी ओरड कोण करणार?

मदत मिळण्याची सारी किल्ली एका कागदात असते. तो म्हणजे पंचनामा. जनावर मेले, हे शेतकऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून सरकारला कळत नाही. तलाठी यावा लागतो, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, पंचांच्या सह्या लागतात. पुरात वाहून गेलेल्या म्हशीचा सांगाडा कोठून दाखवायचा? घाटाखाली मेलेल्या मेंढीचा पंचनामा घाटावरच्या गावात कसा व्हायचा? १ जून २०२४ पासून तर महाराष्ट्रात कानातला बारा आकडी बिल्ला नसलेल्या जनावराला नैसर्गिक आपत्तीची भरपाई देय नाही, असा नियम झाला. जिवंतपणी ज्याची नोंद नाही, त्याचे मरणही नोंदले जाणार नाही, असा याचा सरळ अर्थ.

तेव्हा वाचकहो, इतिहास सांगून झाल्यावर दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आपल्या प्रत्येक गुराच्या कानात बिल्ला आहे का, ते आजच पाहा, आणि त्याचा आकडा घरात लिहून ठेवा. संकट आलेच, तर मेलेले जनावर पुरण्याची घाई पंचनाम्याआधी करू नका. तलाठ्याला आणि जनावरांच्या दवाखान्याला त्याच दिवशी कळवा आणि फोटो काढून ठेवा. गावातला मेंढपाळ दूर रानात असेल, तर त्याच्या घरच्यांना हे जरूर सांगा, कारण त्याला हे सांगायला सहसा कोणी जात नाही. आणि आपल्या जिल्ह्यात यंदा कोणता दर लागू आहे, मर्यादा काय आहे, हे तहसील कचेरीत जाऊन विचारा. विचारण्याचा संकोच धरू नका.

तगाई मागणारा शेतकरी सरकारपुढे कर्जदार म्हणून उभा राहत असे, हात जोडून. मदत मागणारा आज नागरिक म्हणून उभा राहू शकतो, नियमाचा कागद हातात घेऊन. तेवढे अंतर कापायला आपल्याला शंभर वर्षे लागली. तो कागद वाचून पाहायला मात्र एक सकाळ पुरे.